बायकांचा तंबू

कार्ला फाट्याशी बस थांबली ती पुढे एक ट्रेलर आडवा वळत होता म्हणून. एरवी तिथे थांबायचं तिला काही कारण नव्हतं. रिसॉर्टची ती पांढरी मिनीबस सकाळी कामशेतपासून बायकांना गोळा करत लोणावळ्याला न्यायची आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत आणून सोडायची. सविता हाउसकीपिंगची सुपरवायझर, त्यामुळे डाव्या अंगाची पुढची खिडकी कुणी न ठरवताच तिची झाली होती. त्या खिडकीबाहेर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, जडीबुटीवाल्याचा तंबू होता. पिवळी ताडपत्री, पुढे फळीवर बरण्यांची रांग, बरण्यांत वाळक्या मुळ्या, साली, काळपट खडे, एका बरणीत तेलात बुडवलेलं काहीतरी. मागच्या फलकावर पिळदार दंडांचा पहिलवान आणि त्याच्या पायाशी मांजरासारखा बसलेला वाघ. भोंग्यातून खरखरीत आवाज येत होता, लाजू नका, लपवू नका, गेलेली ताकद परत मिळवा. "बघा बघा, गिऱ्हाईक आलंय!" मागून श्रद्धा म्हणाली, रिसेप्शनवरची नवी मुलगी, आणि अख्खी बस खिडक्यांकडे कलली. गिऱ्हाईक पाठमोरं होतं. निळा शर्ट, पाठीवर घामाचा ओला डाग, सगळा भार डाव्या पायावर, कारण उजवा गुडघा कधीकाळी कबड्डीत निखळला होता. त्याने एक पुडी घेतली, शर्टाच्या आत बनियनमध्ये सरकवली आणि इकडेतिकडे पाहिलं, दुसऱ्याच्या झाडाचे पेरू तोडणारी पोरं पाहतात तसं. "बायको लय तापट असंल बिचाऱ्याची," कुणीतरी म्हणालं आणि बस हसली. सविताही हसली. तिचं हसू इतरांपेक्षा जरा मोठंच निघालं. ट्रेलर वळला, बस सुटली, तरी ते हसू तिच्या ओठांवर वाळलेल्या पिठासारखं चिकटून राहिलं. तो विठ्ठल होता. तिचा नवरा.

कामशेतला उतरून बिल्डिंगपर्यंत चालताना तिला राग आला नाही. आली ती वेगळीच, जराशी विचित्र जाणीव, की बस तिलाही हसली होती. कारण तो तंबू ज्या गोष्टीसाठी उभा होता त्या गोष्टीला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक माणूस बसमध्ये खिडकीशी बसलेलं होतं. रिसॉर्टमध्ये हनिमूनला आलेल्या जोडप्यांच्या पलंगावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसवायचे, भोवती गुलाबाच्या पाकळ्या पसरायच्या, हे तिने कामावर आलेल्या प्रत्येक मुलीला शिकवलं होतं. मानेला पीळ कसा द्यायचा, पंख कसे पाडायचे. सकाळी ते हंस कुठेतरी कोपऱ्यात लोळागोळा होऊन पडलेले असायचे आणि ती निर्विकारपणे चादरी ओढून काढायची, मुलींना म्हणायची, तोंडं वाकडी करायची नाहीत, माणसंच आहेत ती. दुसऱ्यांच्या चादरींची तिला कधी लाज वाटली नाही. स्वतःच्या चादरीला मात्र आठवडाभर सुरकुती पडत नसे, आणि हे आपण पाहिलेलंच नाही अशा सफाईने ती ती धुवायला टाकत असे. कधी थांबलं होतं ते? लेक प्रेरणा पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा? त्याआधी? भांडण झालं असतं तर तारीख आठवली असती. पण नळाचं पाणी बारीक होत जातं तसं ते झालं होतं. बादली भरायला उशीर लागतो एवढंच जाणवतं, आणि मग एक दिवस नळ कोरडा असतो.

विठ्ठल आला तो येतानाच वडापाव खाऊन. टूरिस्ट गाडीच्या धंद्यात त्याची वीस-एक वर्षं गेली होती, आणि त्या वर्षांचा हिशेब त्याच्या पोटावर दिसत होता. पॅसेंजर टायगर पॉइंटला फोटो काढतात तोवर भजी, एअरपोर्टला वाट बघायची म्हणून थंड बाटली, झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखू, घाट उतरला की पुन्हा चहा, साखर जास्त. ती त्याला वाढत होती आणि त्याच्या हाताकडे बघत होती. त्याच्या गावी, बेडशाच्या मैदानावर तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं होतं, लग्न ठरायच्या आधी, चोरून. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा त्याने धरला होता आणि चार जण अंगावर पडले तरी सोडला नव्हता. लग्नानंतर त्या हाताला गवताचा, मातीचा आणि घामाचा एक वास असायचा, आणि तो वास आला की तिच्या पोटऱ्यांत काहीतरी सैल व्हायचं. आता त्याच हाताला स्टीअरिंगचा आणि तंबाखूचा वास होता. जेवण झाल्यावर त्याने दूध मागितलं. दूध! चहाशिवाय दुधाला न शिवणारा माणूस. पेला घेऊन तो बाल्कनीत गेला आणि तिच्याकडे पाठ करून काहीतरी ढवळू लागला, चमचा काचेवर किणकिणत राहिला. तिने विचारलं नाही. विचारलं तर त्याला सांगावं लागेल, आणि त्याने सांगितलं तर तिलाही काहीतरी सांगावं लागेल, ही भीती आधीची होती. सविता मंगळवारचा उपास धरत होती. प्रेरणानंतर मुलगा व्हावा म्हणून सासूने धरायला लावलेला. मुलगा झाला नाही, सासू गेली, उपास राहिला. मग त्याला गुरुवार येऊन मिळाला, मग चतुर्थी, मग दोन्ही एकादश्या. उपासाला साबुदाणा, बटाटा आणि चहावर चहा. इतर दिवशी सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते. उपासाच्या दिवशी शिवायचं नाही, ही रीत विठ्ठल पाळायचा. आदल्या दिवशी ती दमलेली असायची आणि दुसऱ्या दिवशी तिचं डोकं दुखायचं. असं करत करत आठवड्याभोवती कुंपण उभं राहिलं होतं, आणि ते कुणी घातलं, हा विचार तिने कधी पुरा होऊ दिला नव्हता.

पडल्या पडल्या तिला कान्ह्याचं माहेरचं घर आठवत राहिलं, चुलीपुढची पंगत. आधी बापे, मग पोरगे, मग पोरी, मग बायका, आणि सगळ्यांत शेवटी सरू आत्या. भाऊ हनुमंत तालमीला जायचा म्हणून त्याच्या ताटलीत रोज उकडलेलं अंडं, दुधाचा तांब्या, भिजवलेले हरभरे. सविताने एकदा अंड्याकडे हात नेला तर आईने पळीनेच चापटी मारली होती. "पोरींनी आंडं खाल्लं की लवकर शहाण्या व्हत्यात." शहाणं होणं म्हणजे पाळी येणं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण ते वाईट आहे आणि अंड्यात आहे, एवढं कळलं होतं. तीळ उष्ण, पपई उष्ण, बाजरी उष्ण, खजूर उष्ण. जे जे खमंग ते ते पोरीच्या अंगात आग लावणारं आणि पोराच्या अंगात ताकद आणणारं. सरू आत्या तर बावीस-तेवीसची असताना नवरा वारून माहेरी आलेली. तिला मटण बंद, मासळी बंद, लसूणसुद्धा बंद. आमटीला फोडणी द्यायच्या आधी आत्यासाठी एक वाटी बाजूला काढायची, फिक्कट, वर काही न तरंगणारी. का, असं कुणी विचारत नसे. एका दुपारी गोठ्यामागे वास आला, सुका बोंबील निखाऱ्यावर टाकल्याचा, इतका तिखट आणि खारट वास की सविताच्या तोंडाला पाणी सुटलं. ती गेली तर आत्या उकिडवी बसलेली, ओठांना काजळी, डोळे मिटलेले, आणि ती चावत होती, हळूहळू, सगळ्या अंगाने चावत होती. सविताला पाहून ती दचकली. मग अर्धा तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. दोघींनी तो बोंबील खाल्ला आणि वास जावा म्हणून शेणाने हात धुतले. सविताने कुणाला सांगितलं नाही, पण आत्याचा तो मिटल्या डोळ्यांचा चेहरा तिला पुढे कितीदा तरी आठवला, आणि लग्नानंतर एकदा आठवला तेव्हा तिला कळलं की तो कशासारखा दिसत होता.

दुधाचे पेले आठवडाभर चालले. विठ्ठल तिच्याकडे वळला नाही, की वळायचं त्याला धैर्य झालं नाही. मग एका सकाळी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, पप्पूचा फोन आला. पप्पू त्याच्याच स्टँडवरचा ड्रायव्हर. "वहिनी, घाबरू नका. विठ्ठलभाऊला उर्से टोलला चक्कर आली. गाडी बाजूला घेतली त्यांनी वेळेवर. पॅसेंजर दुसऱ्या गाडीत बसवले. मी त्यांना तळेगावला दवाखान्यात आणलंय." रिक्षात बसल्यावर तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येत होतं, एक्सप्रेसवेवरून वाऱ्यासारखी सुटलेली गाडी आणि स्टीअरिंगवर टेकत चाललेलं त्याचं डोकं. टोल आला होता म्हणून. टोलसाठी वेग कमी केला होता म्हणून. दवाखान्यात तो कॉटवर बसला होता, चेहरा लालभडक, पाय लोंबकळत. डॉक्टर प्रमोदिनी वयाने सविताएवढ्याच असतील, आवाज शाळेतल्या बाईंसारखा. "रक्तदाब एकदम खाली आला होता. ब्लडप्रेशरची गोळी यांनी सकाळी घेतली आणि त्याच्यावर आणखी काहीतरी घेतलंय. काय घेतलंय ते हे सांगत नाहीत." विठ्ठल जमिनीकडे बघत होता. गालातली तंबाखूसुद्धा त्याने गिळली असावी असं त्याचं तोंड झालं होतं.

"पुडी घेतात," सविता म्हणाली. "कार्ला फाट्यावरच्या तंबूतली. दुधातून. ताकदीची."

ते शब्द तिच्या तोंडून इतके सरळ बाहेर पडले की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. विठ्ठलने मान वर केली. त्याला ठाऊकच नव्हतं की तिला ठाऊक होतं.

डॉक्टर हसल्या नाहीत. सविता त्याचीच वाट बघत होती, की आता त्या हसतील, आणि त्या हसल्या असत्या तर ती नवऱ्याला उठवून घेऊन निघून गेली असती. "अशा पुडीत काय काय कुटून घातलेलं असतं ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं," त्या म्हणाल्या. "कधी नुसती माती, कधी असं औषध की त्याने जीव जाईल. आज टोल नसता तर? बरं, तक्रार किती दिवसांची आहे?" विठ्ठलने पप्पूकडे पाहिलं. पप्पू आपणहून बाहेर गेला. मग विठ्ठल म्हणाला, वर्षाच्या वर झालं. त्यांनी रक्त तपासलं, साखर वाढलेली निघाली, आणि त्या सांगू लागल्या, त्याच्याकडे बघत, त्याला टाळून बायकोकडे नाही. "हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्या आणि तिथे नेणाऱ्या नळ्या एकाच जातीच्या. तिथल्या बारीक असतात, म्हणून त्या आधी बंद पडायला लागतात. तळण, साखर, तंबाखू, दिवसभर बसणं, सगळं त्या नळ्यांत जाऊन बसतं. शरीराने तुम्हाला आधी हाक मारली, भाऊ. उद्या छातीतून मारली असती. यात मर्दपणाचा काही संबंध नाही." विठ्ठलने विचारलं, मग खायचं काय, बदाम? खारीक? त्या म्हणाल्या, "एक पदार्थ असा नाही की खाल्ला आणि झालं. असता तर मीच तंबू टाकला असता. डाळी, कडधान्यं, पालेभाजी, मासळी, मूठभर शेंगदाणे, रोजचं चालणं. तंबाखू आजपासून बंद. गोळ्या नेमाने. महिने लागतील. आणि त्यानंतरही लागली तर त्याची नीट औषधं आहेत, माझ्याकडे या, फाट्यावर जाऊ नका." मग त्या खुर्ची वळवून सविताकडे बघू लागल्या. उठल्या, अंगठ्याने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "आणि तुम्ही काय खाता?"

सविता म्हणाली, "मी? मला काय झालंय?"

"पापणी पांढरीफटक आहे. दम लागतो? केस गळतात? चिडचिड?" आणि मग त्याच आवाजात, औषधाची वेळ विचारावी तसं, "इच्छा होते का?"

या प्रश्नाला उत्तर द्यायला आपल्याजवळ शब्दच नाही, हे तिच्या ध्यानात आलं. नको, असं म्हणता येत होतं. होय, असं कधी म्हणावं लागलं नव्हतं. न बोलणं म्हणजेच होय असायचं. नवऱ्याची ताकद गेली की गावोगाव तंबू पडतात, भोंगे लागतात. बाईचं काही गेलं तर त्याला नावसुद्धा नाही, कुणाला कळतही नाही, तिचं तिलाही नाही. "वय झालं म्हणून," ती पुटपुटली. "बेचाळीस म्हणजे काही वय नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रक्त कमी आहे तुमच्यात. थायरॉइडही बघू. ज्या अंगाला जिना चढायला ताकद नाही, ते अंग हौस कुठून आणणार? आणि उपास किती करता?" सविता सांगत गेली, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, आणि सांगताना तिच्या आवाजातला अभिमान हळूहळू विरत गेला.

परतीला गाडी पप्पूने चालवत आणून कान्हे फाट्यापाशी एका आंब्याखाली लावली आणि त्याच्या पॅसेंजरचा फोन आल्यामुळे, तासाभरात परत येतो, तोवर गाडी चालवू नका, असं सांगून तो दुसऱ्या गाडीने गेला. विठ्ठल ड्रायव्हरच्या जागेवर बसला, पण त्याने किल्ली फिरवली नाही. गाडीत एक बरं असतं, दोघांनाही समोर बघता येतं. पुढे नुकत्याच कापलेल्या भाताची खाचरं होती आणि एक बगळा धसकटांतून पाय उचलत चालला होता. "तू कधी पाहिलंस?" त्याने विचारलं. तिने सांगितलं. बस, ट्रेलर, निळा शर्ट. आपणही हसलो, तेही सांगितलं. त्याने स्टीअरिंगवरची धूळ अंगठ्याने पुसली. मग म्हणाला, "मला वाटलं, तुला कळलंच न्हाई. तुझे उपासच एवढे. म्हणलं, बरंय, तिला तर नकोच असतंय. आपलं झाकलेलं ऱ्हातंय."

"आणि मला वाटलं तुम्हाला मी नकोशी झाले," ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं की हे पुरतं खरं नाही. तिने स्वतःला थांबवलं आणि पुन्हा बोलली. "न्हाई. खरं सांगू? तुम्ही वळत नव्हता त्याचं मला बरंच वाटायचं. अंगात त्राणच नसायचं. त्यात मजा अशी काही असते, हेच मी विसरून गेलते."

"मजा," विठ्ठल म्हणाला, आणि त्या शब्दावर त्याला कसंनुसं हसू आलं. "व्हती की. बेडशाला, आपलं घर बांधायचं चाललं होतं तवा." आणि ती लाजली, भर दुपारी, या वयात, गालांपर्यंत गरम झाली. त्या रक्त नसलेल्या अंगात एवढं रक्त कुठून आलं, कोण जाणे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती कान्ह्याला गेली, हुलगे आणि पावटे आणायला. सरू आत्या आता एकटीच त्या घरात राहत होती. हनुमंतने टेकडीपलीकडे बंगला बांधला होता. आत्या पाट्यावर लसणाची चटणी वाटत होती, हात सुरकुतले होते पण वरवंटा सरसर चालत होता. सविताने पोतं उघडलं, हुलगे पाखडायला घेतले, आणि पाखडता पाखडता सगळं सांगून टाकलं. पुडीचं नाही, ते विठ्ठलचं होतं. स्वतःचं सांगितलं. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्नसुद्धा सांगितला. आत्याने वरवंटा थांबवला. "असं इचारलं? तोंडावर? बाई हाय का काय!" मग पुन्हा वाटू लागली. सविता म्हणाली, "आत्या, तुला लसूण का बंद केलता गं?"

"का म्हंजे? आंगातली आग इजावी म्हून. तुजा आजा म्हनायचा, रांडमुंड बाई तिखट खाईल तर उंबऱ्याभाईर जाईल."

"आणि विझली?"

आत्याने चटणीचा गोळा बोटावर घेऊन चाखला. मीठ कमी होतं, तिने चिमूटभर टाकलं. "पयल्या वर्षी न्हाई. पयल्या वर्षी लय तरास झाला, आता काय सांगू तुला. लसणात कुटं आग असती? पर मग पोटाला कमी पडाया लागलं. सगळ्यांचं झाल्यावर निम्मी भाकर, पानी घातलेली आमटी. दोन सालांनी काय बी वाटंना झालं. भूक लागली की भूकच दिसती, सविता, दुसरं काय बी दिसत न्हाई. समोरनं राजा गेला तरी त्याच्या हातातली भाकरच दिसंल. त्यांचं खरं झालं म्हनायचं. लसणानं न्हाई, पर झालं." तिने हे कुणाची तक्रार करावी तशा स्वरात सांगितलं नाही. मग पटकन म्हणाली, "पर तू आंडं खाऊ नगं हां. उष्ण पडंल. तुजी पित्ताची परकुर्ती."

सविता सुपातल्या हुलग्यांकडे बघत बसली. सरू आत्याला चार माणसांनी मिळून उपाशी ठेवलं होतं, त्यासाठी त्यांना पंगत मांडावी लागली, वाटी बाजूला काढावी लागली, कुणीतरी नजर ठेवावी लागली. तिच्यावर नजर ठेवायला कुणी नव्हतं. तिने आपली वाटी आपल्या हाताने बाजूला काढली होती, पंधरा वर्षं, आणि वर त्याला पुण्य म्हटलं होतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, स्वच्छ, पोटातून वर येणारा, आणि त्या रागाबरोबर खरीखुरी भूक. तिने टोपल्यातली भाकरी घेतली, तिच्यावर चटणीचा गोळा थापला, वर तेल ओतलं आणि चुलीपुढे बसून खाल्ली. आत्या बघत राहिली. "अगं, आज तुजी येकादस ना?" "होती," सविता म्हणाली आणि दुसरी भाकरी घेतली.

डॉक्टरांनी सांगितलं तेवढं हे सोपं गेलं नाही. तंबाखू सुटली तेव्हा विठ्ठल महिनाभर कुत्र्यासारखा चावरा झाला होता. स्टँडवर डबा उघडला की पप्पू आणि बाकीचे म्हणायचे, काय विठ्ठलभाऊ, बाळंतीण झालात काय? एका संध्याकाळी त्याने मोड आलेल्या हुलग्यांचा डबा तसाच परत आणला आणि ओट्यावर आपटला. "गुरांचं खाणं हाय हे. माणसानं एवढं करून जगायचं कशाला?" पूर्वीच्या सविताने गप्प राहून डबा घासायला घेतला असता. आताची सविता त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली, तो डबा उघडला आणि लिंबू पिळून खाऊ लागली. "तुम्ही नका खाऊ," ती म्हणाली. "मला माझं अंग परत पाहिजे. मी खाणार. तुम्हाला तुमचं पाहिजे का नको, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एक सांगते, मला तुम्ही पाहिजे आहात." ते शेवटचं वाक्य बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. विठ्ठल उभाच राहिला. मग त्याने चमचा घेतला. कामावरही ती आता मुलींबरोबर पहिल्या पंक्तीला जेवत होती, पानात डाळ दोनदा घेत होती, आणि रिसॉर्टच्या आचाऱ्याला सांगून उरलेल्या अंड्यांचं कालवण बायकांसाठी मागवत होती, आणि कुणी विचारलं तर तळेगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणत होती. तिच्या पापणीला रंग आला, जिना चढताना कठडा धरायची सवय सुटली. रात्री मात्र सगळं लगेच सुरळीत झालं नाही. पहिल्यांदा जमलं नाही तेव्हा विठ्ठल कुशीवर वळून भिंतीकडे तोंड करून पडला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नुसता ठेवून दिला. त्या पाठीला मातीचा वास नव्हता, पण तंबाखूचाही नव्हता. आपल्याला वाईट वाटत नाहीये, हे तिला अंधारात नवल करण्यासारखं वाटलं. उलट अंगात काहीतरी जागं होऊन कान टवकारून बसलं होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं, त्याच्या जमण्या-न-जमण्यावर टांगलेलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्याने डॉक्टर प्रमोदिनींना आपणहून फोन करून वेळ घेतली.

बस कार्ला फाट्यावरून रोज जात होती आणि तंबू अजून तिथेच होता. एका संध्याकाळी पुन्हा तिथे वाहतूक तुंबली, पुन्हा कुणीतरी पाठमोरं बरण्यांपुढे उभं होतं, म्हातारासा, टोपीवाला. श्रद्धा खिदळली, "आज आजोबा!" बस हसायला लागली. सविताने मागे वळून पाहिलं. "हसता कशाला गं?" ती म्हणाली. "आजारी माणूस आहे तो. दवाखान्यात जायची लाज वाटते म्हणून इथे येतो, आणि इथे विष घेऊन जातो. आणि मला एक सांगा, बायकांचा तंबू कुठंय?"

"बायकांचा?" श्रद्धा म्हणाली.

"हां. बाप्यांची ताकद गेली की एवढा भोंगा लागतो. आपली गेली तर कुठं जायचं? का आपल्याला ती नसतेच?"

श्रद्धाने खिडकीतून मान आत घेतली. इंजिन घुरघुरत होतं. मग मागच्या सीटवरची एक बाई, लॉन्ड्रीतली, जी दिवसभरात चार शब्दही बोलत नसे, खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "सविताताई, त्या तळेगावच्या डॉक्टरीणबाईंचं नाव काय म्हणाला होतात तुम्ही?" आणि सविताने नाव सांगितलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

फेब्रुवारीतली एक दुपार. पर्यटकांची गर्दी नसते तेव्हाची, आठवड्याच्या मधली, तिच्या सुट्टीची. विठ्ठल सकाळची फेरी करून घरी आला होता. पट्ट्याला त्याने खिळ्याने एक नवं भोक पाडलं होतं आणि ते तो येताजाता दाखवत होता. दोघांनी जेवण केलं, समोरासमोर बसून, एकाच वेळी, वाल घातलेली वांग्याची भाजी आणि इंद्रायणीचा मऊ भात, भात मोजकाच. जेवल्यावर तो गादीवर आडवा झाला. ती ओला हात पदराला पुसत आत आली, आणि दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिली. पडद्यातून ऊन येऊन त्याच्या दंडावर पडलं होतं. वाट बघायची तिची सवय होती; तो वळेल, मग आपण. आज तिने वाट पाहिली नाही. तिने दाराला कडी घातली, जाऊन त्याच्या शेजारी बसली, आणि त्याचा हात उचलून आपल्या गालाला लावला. "काय गं?" तो म्हणाला. "काही नाही," ती म्हणाली. "मला वाटलं." आणि हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. पुढचं घाईने झालं नाही. मध्ये त्याचा गुडघा अवघडला, मध्ये तिला हसू आलं, मध्ये दोघंही थांबून नुसते श्वास ऐकत राहिले, आणि मग कुणालाच काही ठरवावं लागलं नाही.

तेवढ्यात बाहेरची बेल वाजली. पुन्हा वाजली. "सविता, ए सविता!" शेजारच्या नंदाबाई होत्या. "अगं, चमचाभर विरजण आहे का? मला माहितीये तू घरातच आहेस, चपला बाहेर आहेत!" विठ्ठल दगडासारखा झाला. त्याचे डोळे दाराकडे लागले, हात सैल पडला, आणि तिला वाटलं आता हा उठेल, शर्ट शोधेल. तिने त्याचा दंड घट्ट धरला आणि मान वर करून, हाउसकीपिंगच्या मुलींना कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ओरडून सांगितलं, "काकू, घरात कोणी नाहीये!"

बाहेर एकदम शांतता पसरली. मग नंदाबाईंच्या चपला जरा घोटाळल्या, आणि लगबगीने जिना उतरून गेल्या.